बेस शेजाऱ्याला, डायलॉग कुणालाच नाही!

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की टीव्ही पंचावन्न इंची घेताय तर आवाजाचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की फ्रिज-वॉशिंग मशीनवाल्यांना यावेळी थांबावं लागणार आहे. मी काय इंजिनीअर नाही, पोरवयात मंडपात स्पीकर चढवायचो, नंतर लोकांच्या हॉलमध्ये बसवायला लागलो, आता केस पांढरे झालेत. जे बघितलंय ते सांगतो.

प्रश्न : जुळे सोलापूरला फ्लॅट आहे, हॉल १२ बाय १६. भिंतीवर ५५ इंची टीव्ही. अडचण अशी की डायलॉग कुजबुजल्यासारखे येतात म्हणून आवाज वाढवला की लगेच मारामारी सुरू होते आणि घर दणाणतं, मिसेस किचनमधून ओरडते. सारखं रिमोट हातात. बजेट ३० हजार. दुकानदार १००० वॅटचं होम थिएटर घ्या म्हणतोय, मित्र म्हणतो अॅम्प्लिफायर आणि वेगळे स्पीकर घे, पोरगं म्हणतं डोक्यावरूनपण आवाज देणारा अॅटमॉसवाला साउंडबार, टीव्हीखाली ठेवतात तो लांब डबा. डोकं चालेना झालंय. काय घेऊ?

मालक, आधी काहीच घेऊ नका, रिमोट घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डायलॉग किंवा क्लिअर व्हॉइस असलं काहीतरी नाव असलेला पर्याय असतो तो चालू करा, नाईट मोड असेल तर तोही, म्हणजे मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक आवाज वर येतो. ओटीटीवर पिक्चर लावताना भाषेच्या यादीत कधीकधी तीच भाषा दोनदा दिसते, एकापुढं ५.१ लिहिलेलं असतं, एकापुढं नसतं. नुसत्या टीव्हीवर बघताय तर ५.१ नसलेली निवडा. फुकटात निम्मा त्रास कमी होतो, आठ दिवस असं बघा आणि मग दुकानात जा.

आता हे होतं कशामुळं. टीव्ही पातळ झाले तसे त्यातले स्पीकर बिचारे तळाशी किंवा पाठीमागं गेले, आवाज खाली नाहीतर भिंतीकडं फेकला जातो आणि आपल्या कानापर्यंत येतो तो आपटून-बिपटून. दुसरं म्हणजे पिक्चरचा आवाज थिएटरसाठी बनवलेला असतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा डबा; पाच स्पीकर म्हणजे समोर डावा, उजवा, मधला, आणि दोन बाजूला-मागं. यातला जो मधला आहे ना, सेंटर, त्याच्यातून बहुतेक सगळे डायलॉग येतात. टीव्हीला सेंटरच नाही, मग तो डायलॉग डाव्या-उजव्यात मिसळतो आणि त्याच डाव्या-उजव्यात गाड्या, म्युझिक, ढिशुम सगळं आधीच भरलेलं असतं. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याजवळ उभं राहून फोनवर बोलायला गेल्यासारखं होतं.

म्हणून माझं एकच म्हणणं, आधी सेंटर बघा मग बाकीचं. २.१ लिहिलेलं असेल तर त्यात सेंटर नाही, घेऊ नका. ३.१ म्हणजे सेंटर आहे, मागचे नाहीत. ५.१ म्हणजे सगळं आहे. पण खोक्यावर ५.१ लिहून आत दोनच स्पीकर आणि ‘व्हर्च्युअल सराउंड’ असाही माल मिळतो, तिथं मोजून बघायचं की मागचे दोन डबे खरोखर खोक्यात आहेत का. काही साउंडबार बाजूच्या भिंतींवर आवाज आपटवून मागून आल्याचा भास करतात, त्याला दोन्ही बाजूला भिंत लागते. जुळे सोलापूरच्या फ्लॅटात हॉलची एक बाजू बहुतेक डायनिंगकडं उघडी असते, म्हणजे अर्धा आवाज सरळ बेसिनकडं जातो.

आता ते १००० वॅट. हा आकडा बघून माणूस हुरळतो, मीपण हुरळायचो. पूर्वी पीएमपीओ म्हणून छापायचे, टेपरेकॉर्डरवरसुद्धा हजारांत आकडे असायचे आणि आवाज पिपाणीएवढा. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सतत किती देतो तो. आणि एक युक्ती सांगतो, दुकानात डबा उलटा करून मागचं लेबल वाचा, त्यावर तो किती वॅट वीज खातो ते लिहिलेलं असतं. खातोय ६० वॅट आणि देतोय १००० वॅट, असं कसं होईल हो? क्षणभर धडाका मारणं वेगळं, सतत तेवढं देणं वेगळं. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १२ बाय १६ च्या हॉलला चांगले ५० वॅटसुद्धा पोटभर होतात. वॅटवरनं भांडू नका.

तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये, वेगळा रिसीव्हर, म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर, आणि वेगळे स्पीकर याची मजाच वेगळी आहे. स्पीकर वीस-वीस वर्षं चालतात, नवीन काय आलं तर फक्त रिसीव्हर बदलायचा, एक बिघडला तर एकच दुरुस्त करायचा. साउंडबार बिघडला की सगळंच बिघडलं. पण ३० हजारात नवीन नीट बसणार नाही, ओढाताण होईल. बजेट दुप्पट असेल तर रिसीव्हर आणि समोरचे तीन स्पीकर घ्या, सबवूफर पुढच्या दिवाळीला, मागचे त्याच्या पुढच्या. असं टप्प्याटप्प्यानं घेतलेल्या दोन-तीन घरांत मी अजून जातो, चहा मिळतो.

३० हजारातच बसवायचं असेल तर ज्यात वेगळा सेंटर आहे, वेगळा सबवूफर आहे आणि मागचे दोन वायरवाले स्पीकर आहेत असा ओळखीच्या कंपनीचा ५.१ सेट घ्या, त्याहून कमीतही मिळतो. पोराला सांगा अॅटमॉस नंतर. मागचे ‘वायरलेस’ असतील तर खूश होऊ नका, सिग्नल वायरलेस असतो, करंटला वायर लागतेच, म्हणजे सोफ्यामागं प्लग पॉइंट आहे का ते बघा, बहुतेक घरात तो सोफ्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला असतो. वायरवाल्याला स्कर्टिंगच्या कडेनं पट्टी मारून वायर नेता येते. सेटसोबत आलेली केसासारखी वायर अपुरी पडली तर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या, आणि लाल-काळं उलटं जोडू नका. एक स्पीकर उलटा जोडला की आवाज येतो, म्हणून कळत नाही, पण बेस गायब होतो आणि माणूस म्हणतो सेटच बोगस.

बसवताना मोजायची टेप घेऊन बसा. सोफ्यावरून ९ फुटांवर टीव्ही असेल तर डावा-उजवा एकमेकांपासून साधारण तेवढेच लांब हवेत, तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. साउंडबारला ते जमत नाही, तो आहे तेवढाच लांब, पण वेगळे स्पीकर घेतले तर लक्षात ठेवा. मागच्या दोघांचा नियम मात्र दोन्हीकडं लागू. नावाला मागचे, पण बरोबर पाठीमागं लावायचे नसतात, कानाच्या रेषेपेक्षा थोडं मागं, बाजूला, आणि बसल्यावर कान येतो त्याच्या फूट-दीडफूट वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि तो असतोच, तर बाजूच्या भिंतींवर लावा. कोपऱ्यात छताला टांगलेले स्पीकर बघितले की मला हॉटेलात आल्यासारखं वाटतं.

आणि हॉल! गुळगुळीत टाइल्स, काचेची स्लायडिंग, मोकळ्या भिंती. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागून टर्रर्र असा आवाज आला तर ५० हजाराचा सेटसुद्धा तिथं घोगरा वाजणार. यावर इलाज आपल्या गावातच आहे. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी टाका, खिडकीला जड पडदा लावा, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर चांगली जाड जेकार्डची सोलापुरी चादर टांगा, सपाट ताणून नाही, थोड्या चुण्या पाडून. परगावचे लोक याला पैसे मोजतात. सासूबाई म्हणतील पाहुण्यांची चादर भिंतीला का लावली, तेवढं तुमचं तुम्ही निस्तरा. चादरीनं बेस आवरत नाही, हे खरं. पण डायलॉगमधला खडखडाट जातो आणि आपल्याला तेच पाहिजे.

दुकानात त्यांची चकचकीत डेमो क्लिप ऐकू नका, त्यात पाण्याचे थेंब आणि हेलिकॉप्टर असतात, सगळ्यावर भारी वाजतात. तुम्ही दहादा बघितलेल्या पिक्चरमधला शांत बोलण्याचा सीन लावायला सांगा. आणि विचारा की सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का, का डबा अडीचशे किलोमीटर पुण्याला पाठवायचा.

प्रश्न : विजापूर रोडवरून लिहिते. दादा, ५.१ सिस्टीम घेतली पण मागचे दोन स्पीकर मुके आहेत. माणूस येऊन बघून गेला, म्हणतो स्पीकर ओके आहेत. मग वाजत का नाहीत?

ताई, तो माणूस खरं बोललाय, पण अर्धं बोलून गेलाय. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये बघा, पीसीएम निवडलेलं असणार. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतून सिस्टीमकडं पाठवायची सोय. साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल बाहेर पडतात, मागच्यांना काही मिळतच नाही. ते बदलून ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू, यातलं जे नाव तुमच्या टीव्हीत असेल ते करा. वायर टीव्हीच्या कुठल्यापण एचडीएमआयला चालत नाही, ज्या भोकाजवळ एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलंय त्यातच घालायची, आणि सीईसी म्हणून सेटिंग असतं ते चालू ठेवायचं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. एआरसी २००९ पासून आहे, त्यामुळं बऱ्याच जुन्या टीव्हीलाही असतं. नसलं तर ऑप्टिकलची वायर, लाल उजेड येतो ती. त्यातून डॉल्बी डिजिटलचं ५.१ व्यवस्थित जातं, अॅटमॉस जात नाही, एवढाच फरक.

एवढं करूनसुद्धा मालिका लावली आणि मागचे गप्पच राहिले तर घाबरू नका. सेटटॉप बॉक्सवरचे बरेचसे चॅनेल दोन चॅनेलचाच आवाज देतात, आणि जुने मराठी पिक्चर तर एकाच चॅनेलचे आहेत, त्यात मागून काय वाजणार? काही लोक रिमोटवर बटण दाबून सगळ्या स्पीकरमधून तेच वाजवतात, पाहुण्यांसमोर बरं वाटतं, पण बातम्या देणारी बाई मानेमागून बोलायला लागते. आधी ५.१ लिहिलेला पिक्चर ओटीटीवर लावून बघा, त्यात पावसाचा सीन शोधा. पाऊस मागून पडला की समजा झालं.

ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो असं झालं तर लिप सिंक किंवा ऑडिओ डिले नावाचं सेटिंग असतं. तिथं पहिल्यांदा टीव्हीतला आकडा शून्यावर आणा, मग सिस्टीममधला.

प्रश्न : आमचं घर जुनं, पूर्व भागात. खाली माळवद, वरच्या खोलीला पत्रा. शेजारी यंत्रमाग. अॅटमॉस बसवायची लै इच्छा आहे, भागवत थिएटरला पिक्चर बघून आल्यापासून चैन नाही. होईल का?

इच्छा समजू शकतो. अॅटमॉस थिएटरांत २०१२ ला आलं, त्यात डोक्यावरूनसुद्धा आवाज येतो, हेलिकॉप्टर खरंच वरून जातं. घरी ते करायच्या दोन पद्धती. एक म्हणजे छतात खरोखर स्पीकर बसवायचे. दुसरी, डब्याच्या वरच्या बाजूला स्पीकर असतो, तो आवाज छताला आपटवतो आणि तिथून खाली आपल्या कानावर. खोक्यावर ५.१.२ लिहितात त्यातला शेवटचा २ म्हणजे हेच.

आता आपटवायला छत सपाट आणि टणक लागतं, साधारण साडेसात ते बारा फुटांवर. तुमच्या माळवदाला तुळया, त्यावर फळ्या, वर माती. आवाज तुळयांमध्ये अडकून बसणार, खाली येणारच नाही. पत्र्यावर येईल, पण उतारावरून भलतीकडंच जाईल, आणि स्फोटाच्या सीनला पत्रापण पिक्चरमध्ये काम करायला लागेल. त्यामुळं वर आपटवणारा सेट तुम्ही अजिबात घेऊ नका, तेवढे पैसे साध्या पण चांगल्या ५.१ मध्ये घाला. माळवदाची खोली तर त्यासाठी नशिबाची आहे हो, मातीच्या जाड भिंती, वर लाकूड, तिथं टाळी वाजवली तर टर्र येत नाही. फ्लॅटवाले यासाठी चादरी टांगत बसलेत. तुळईला दोन लहान स्पीकर खाली तोंड करून बांधले तर अॅटमॉससुद्धा होईल, पण त्याला ते झेपणारा रिसीव्हर लागतो, म्हणजे खर्च वाढला.

यंत्रमागाची खटखट काय सिस्टीमनं जाणार नाही. आवाज वाढवून तिच्यावर मात करायला जाऊ नका, कान जातील. माग बंद झाल्यावर पिक्चर लावा, नाहीतर मागाकडची खिडकी फटी बुजवून गच्च बंद करा.

प्रश्न : सबवूफर कुठं ठेवायचा? खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

तिसऱ्यांदा यायच्या आत हे करा. सबवूफर जिथं तुम्ही बसता तिथं, चक्क सोफ्यावर ठेवा, बेसवालं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरा. जिथं बेस घट्ट आणि स्वच्छ वाटतो, घुमत नाही, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या, जगभर असंच करतात. बहुतेक लोक कोपऱ्यात ढकलतात, कोपऱ्यात बेस फुगतो, आणि फुगलेला बेस म्हणजे चांगला बेस असं आपल्याकडं डीजेनं शिकवून ठेवलंय.

काकूंचं काय? ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण चौदा फूट लांब असते. एवढी मोठी लाट पडद्यानं किंवा गादीनं थांबत नाही, ती स्लॅबला हलवून खाली उतरते. म्हणून सबवूफरच्या पायाखाली जाड रबर किंवा दाट फोम घाला, निदान डब्याची थरथर सरळ फरशीत जायची थांबते. सिस्टीममध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे कितीच्या खालचा आवाज सबवूफरला द्यायचा ते, ठरवता येत असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि सबवूफरची लेव्हल आत्ता आहे त्याच्या निम्म्यावर आणा. पहिले दोन दिवस काहीतरी हरवल्यासारखं वाटेल, मग डायलॉग ऐकू यायला लागतील. रात्री दहानंतर नाईट मोड. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. पण कायद्याआधी काकूंकडं शेंगाचटणीची एक पुडी देऊन या, आणि त्यांच्या घरात बसून वरचा आवाज एकदा स्वतः ऐका. मी हे एका गिऱ्हाइकाला करायला लावलं होतं, तो खालून परत आला आणि काही न बोलता बटण फिरवलं.

प्रश्न : रिसीव्हर टीव्हीच्या कपाटात ठेवलाय, पिक्चर अर्धा झाला की आपोआप बंद पडतो.

काच बंद आहे ना? उघडा. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, बंद कपाटात काय होत असेल. डब्याच्या वर चार-सहा इंच मोकळं ठेवा, त्यावर सेटटॉप बॉक्स ठेवू नका, भरतकामाचा रुमाल तर नाहीच नाही. तरी बंद पडला तर मागच्या बाजूला वायरीचा एखादा केस लाल-काळ्याला एकत्र चिकटलाय का ते बघा. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढा, नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची वायरपण काढा, वीज बऱ्याचदा तिकडून आत येते.

प्रश्न : पंचवीस वर्षांपूर्वीच्या म्युझिक सिस्टीमचे मोठे स्पीकर माळ्यावर आहेत. टीव्हीला जोडता येतील का?

सरळ टीव्हीला नाही, मध्ये अॅम्प्लिफायर पाहिजे. मागं ४, ६ का ८ ओहम लिहिलंय ते बघा आणि तेवढं चालणारा अॅम्प्लिफायर घ्या. वूफरच्या कडेचा फोम बोट लावल्यावर भुगा होत असेल तर टाकून देऊ नका, नवीन कडा बसवून मिळते. जुन्या लाकडी डब्यांना हात लावताना माझा हात अजून सांभाळून लागतो.

प्रश्न : वय ७१. मुलानं मागच्या महिन्यात महागातली सिस्टीम आणली, सेंटर स्पीकरपण आहे. तरी मला डायलॉग समजत नाहीत, सून म्हणते आवाज फार मोठा करता. दोष कुणाचा?

काका, दोष कुणाचाच नाही. वय वाढतं तसे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू यायला लागतात, आणि स, श, त, क असली अक्षरं नेमकी तिथंच असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि मोठा केला की जे आधीच ऐकू येतंय तेच आणखी मोठं होतं. मुलाला सांगा सेंटरची लेव्हल दोन-तीन पायऱ्या वर घे, बेस कमी कर, ट्रेबल थोडं वाढव. तुमची खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढा, लाजू नका, अंतर कमी केल्यासारखा इलाज नाही. खाली सबटायटल लावा. टीव्हीत एकाच वेळी स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही चालत असतील तर तुमच्या कानाला हेडफोन आणि बाकीच्यांना सिस्टीम, सून खूश.

आणि एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जाऊन या. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या घरी मी तीन चकरा मारल्या, सेंटर बदलला, वायर बदलली, शेवटी डॉक्टरनं कानातून मळाचा खडा काढला आणि काका घरी येऊन म्हणाले, अरे ह्या मागच्या स्पीकरमधून पण आवाज येतो की!